अकरा चिंचोके

“तिच्याकडे असं काय आहे, जे माझ्याकडे नाही?”

हेमराज पटलेने हे विचारलं, तेव्हा भोयर गुरुजी झोपडीपुढे चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

निवृत्त झाल्यापासून गुरुजी तलावाच्या पाळीवर एकटेच राहत. आसपासचे निम्मे मास्तर त्यांच्या हाताखालून गेलेले. काही अडलं की ते इथे येत, आणि बहुतेकदा आले त्यापेक्षा गप्प होऊन परत जात.

हेमराज मोठ्या गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. ‘ती’ म्हणजे निरंजना उईके, तीन कोसांवरच्या कोसमटोल्याच्या शाळेची मुख्याध्यापिका. दोघं एकाच वर्षी गुरुजींकडे शिकले. हेमराज पहिला आला होता. निरंजना कशीबशी पास झाली होती.

आणि आता कोसमटोल्याची मागे पडलेली पोरं वाचू लागली होती. मागच्या आठवड्यात गुरुजी स्वतः तिथे जाऊन दिवसभर बसून आले. हेमराज मुख्याध्यापक होऊन सहा वर्षं झाली, पण त्याच्या शाळेत ते एकदाही आले नव्हते. हे कळल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

“तुम्ही बोलत नाही,” हेमराज म्हणाला.

“ऐकतोय.”

मग हेमराजने आपल्या शाळेचं सगळं सांगून टाकलं. नवा रंग, संगणकाची खोली, शिष्यवृत्तीत आलेली चार मुलं. ती चौघं पहिल्या बाकावर बसतात आणि त्यांना गणित तो स्वतः शिकवतो. निरंजनाच्या शाळेला तर धड कुंपणही नाही. शेळ्या वर्गात शिरतात.

“शेळ्या पाहिल्या मी,” गुरुजी म्हणाले. “एक माझी टोपी खायला निघाली होती.”

हेमराज हसला नाही.

“गुरुजी, मला वाटलं होतं, तिची पोरं वाचत नाहीत. पाठ केलेलं म्हणतात.”

“मग?”

मग काय केलं ते सांगताना हेमराजची मान खाली गेली. शनिवारची सकाळची शाळा तो सहशिक्षकांवर सोडायचा आणि मोटारसायकल काढून कोसमटोल्याला जायचा. कधी एखादा कागद द्यायचं निमित्त, कधी तेही नाही. पिशवीत त्या दिवसाचं वर्तमानपत्र. मागे सतरंजीवर बसून एकेका पोराला जवळ घ्यायचा आणि त्यातलं वाचायला लावायचा. कुणीतरी अडेल आणि मग मुख्याध्यापकांच्या बैठकीत चारचौघांत तिचं पितळ उघडं पाडू, ही आशा.

“किती शनिवार?”

“वर्ष झालं असेल…”

“अडलं कुणी?”

“सुरुवातीला सगळीच अडायची.”

“मग तू काय करायचास?”

“सांगायचो. समोर पोर अडलंय म्हटल्यावर राहवत नाही ना.”

“आता अडतात?”

हेमराजने नकारार्थी मान हलवली.

गुरुजींनी मूठभर चिंचोके त्याच्यापुढे ठेवले.

“तिची कोणती पोरं मागे होती? एकेकाचं नाव घे. नावागणिक एक चिंचोका ठेव.”

हेमराजला आठवावं लागलं नाही. सोनमती, ही जोडाक्षर आलं की डोळे मिटून घेते. बिरजू, दरवर्षी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायचा, यंदा निरंजनाने त्याला मामाकडे ठेवायला लावलं. रैनू, डाव्या हाताने लिहिते आणि ओळ वर वर चढत जाते. फुलवंता मोठ्याने वाचायला लाजते, पण कान पुढे केला की कानात अख्खी बातमी वाचून दाखवते…

अकरा चिंचोके ओळीने लागले. सांगता सांगता त्याचा आवाज मऊ झाला होता. त्याचं त्यालाच ते कळलं नाही.

गुरुजींनी ओळीकडे पाहिलं. मग आणखी एक मूठ त्याच्या हातात दिली.

“आता तुझी.”

“माझ्याकडे नुसती अक्षरं ओळखणारी नऊ आहेत. शब्दांवर अडकलेली चौदा.”

“नावं.”

“नावं तक्त्यात आहेत, गुरुजी. कार्यालयात भिंतीवर लावलाय.”

“तक्ता इथे नाही.”

हेमराजने एक चिंचोका दोन बोटांत धरला. चौथीतला तो… खिडकीशी बसणारा, लाल दप्तरवाला. मेश्रामांचा? की नेवाऱ्यांचा? नाव ओठांवर येईना. निदान त्याचा आवाज कसा आहे, हे तरी आठवावं म्हणून त्याने डोळे मिटले. आवाजही आठवेना. तो त्याने कधी ऐकलाच नव्हता.

चिंचोका बोटांतच राहिला.

पाळीवरून म्हशी पाण्यात उतरल्या. गुराख्याने गुरुजींना रामराम केला. गुरुजींनीही केला…

“तुम्ही तिच्याकडे दिवसभर बसलात,” शेवटी हेमराज खालच्या आवाजात म्हणाला. “माझ्याकडे एक तास या. मी दुसरं काही मागत नाही.”

गुरुजींनी धोतरावरची टरफलं झटकली.

“येईन की. तू तुझ्या शाळेत रुजू झालास की कळव.”