महाराजांचा दिवा विझेना

तीन दिवस झाले, कळसगावच्या महाराजांचा नवा दिवा काही विझेना!

विलायतेहून आणलेला तो विजेचा दिवा महाराजांनी हौसेने थेट आपल्या पलंगावर टांगून घेतला. बसवणाऱ्या साहेबाने साऱ्या वाड्यादेखत तो पेटवला आणि लगेच दुसऱ्या संस्थानाची गाडी पकडली. आता भर दुपारीसुद्धा डोळ्यांवर लख्ख उजेड! महाराजांची वामकुक्षीच बुडाली.

दिवाणजी शिडीवर चढले, गाल फुगवले, तोच महाराज ओरडले, "खबरदार! आमच्या घराण्यात दिव्यावर फुंकर? दिवा फुलानेच शांत करायचा!"

मग काय! मोगरा झाला, झेंडू झाला. चाफा धरला, तर चाफाच करपला आणि दिवाणजींच्या बोटाला फोड आला.

शेवटी महाराजांनी वाड्यातले दिवे लावणाऱ्या राणूला बोलावलं. "संध्याकाळपर्यंत हा दिवा फुलाने शांत कर. नाहीतर चाकरी सोड आणि वाड्यामागची खोलीही!"

राणू रडकुंडीला येऊन घरी आला. बायको तानूबाई म्हणाली, "अहो, पुसा डोळे. लेकराला घेऊन जायचं तरी कुठे? मी बघते." तिने लेकरू कडेवर घेतलं, परसातलं मोठं केळफूल कापलं आणि थेट महाराजांपुढे उभी राहिली.

"हे काय? भाजी करतेस की काय?" महाराज खेकसले.

"फूल आहे, महाराज."

"हिला शिडी द्या!" दिवाणजी म्हणाले.

"नको हो, लेकरू पडायचं!"

ती दाराजवळ गेली. भिंतीवर एक काळी कळ होती. तिच्यावर तिने केळफुलाचं टोक दाबलं. खट्ट! दिवा गेला!

"अगं, फूल दिव्याला लावायचं! तू भिंतीला लावलंस!"

"महाराज, साहेबाने दिवा पेटवला तेव्हा सगळे वर बघत होते. मी मात्र हे पोर कशाला हात घालतंय ते बघत होते, म्हणून साहेबाचा हात दिसला. त्याने दिवा इथून पेटवला. जिथे पेटवला, तिथेच फूल लावलं!"

"मग मोगरा का नाही आणलास?"

"कळ केवढी घट्ट आहे! मोगऱ्याच्या अंगात तेवढा जोर कुठला?"

महाराज पोट धरधरून हसले. हसता हसता उशीवर कलंडले. "राणूची चाकरी कायम! लेकराला चांदीचे वाळे! आणि आईला... आईला..."

पुढे नुसतं घोरणं.

"आईला काय?" दिवाणजींनी विचारलं.

"पैठणी!" तानूबाई कुजबुजली. "आणि हळू बोला दिवाणजी, मोठ्या मुश्किलीने निजलेत!"