सातमुळीचा रिकामा चौथरा

सातमुळीच्या खिंडीत रस्त्याला लागून एक दगडी चौथरा आहे. चांगला ऐसपैस, घडीव दगडांचा, चारी कोपऱ्यांना खांब रोवण्यासाठी खाचा ठेवलेल्या. खांब मात्र नाहीत. छप्पर नाही आणि मुख्य म्हणजे देवही नाही. लांबून पाहून गाडीतल्या गाडीत हात जोडणारे जवळ आले की ओशाळतात, कारण चौथऱ्यावर असतात एक जुना जॅक, फॅनबेल्टची वेटोळी, पाण्याचे कॅन आणि नटबोल्टांनी भरलेली पत्र्याची पेटी. हे देऊळ की गॅरेज, असं कुणी विचारलं की शेजारच्या टपरीवर बसलेले केरूअण्णा चष्मा पुसायला घेतात. ज्याची गाडी बंद पडली आहे त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं, हे अण्णांना पक्कं ठाऊक आहे.

अण्णा सांगतात ती हकिगत मोटारी यायच्या फार आधीची. खिंडीपलीकडे, बऱ्याच मुक्कामांवर, कौठखेड नावाचं गाव होतं. एका पावसाळ्यात नदी गावात शिरली आणि देवीचं देऊळ मूर्तीसकट घेऊन गेली. तेव्हा गावानं शपथ घेतली म्हणे, की नवी देवी बसेपर्यंत गावात लग्नाचा मांडव पडणार नाही. शपथ घेताना सगळेच पुढे होते. भोगायची वेळ आली ती उपवर मुलींच्या बापांवर. तुळाजी गाडीवान हा त्यांतलाच एक. त्याच्या सगुणाची सोयरीक झालेली होती. व्याही एकदा थांबले, दोनदा थांबले, मग त्यांचा निरोप आला की अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट पाहू, पुढं आमचा मुलगा मोकळा. त्यामुळे परमुलखातल्या पाथरवटांकडून मूर्ती आणायला कोण जातं, असं चावडीवर विचारलं गेलं तेव्हा बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असतानाच तुळाजी उठून उभा राहिला.

जाणं सुखरूप झालं. परत येताना, काळ्या दगडाची देवी कडब्यात आणि घोंगड्यात गुंडाळून, तो सातमुळीची खिंड चढत होता. ऐन चढावर कडाडकन आवाज झाला आणि दोन चाकांना जोडणारा लाकडी कणा मधोमध मोडला. गाडी मटकन बसली. तुळाजीनं बैल सोडले, चाकांमागे धोंडे लावले आणि कपाळाला हात लावून बसला. तृतीयेला जेमतेम महिना उरला होता.

थोड्या वेळानं खिंडीतल्या सातमुळी गावची माणसं जमली. तुळाजीचा जीव भांड्यात पडला. माणसं आली म्हणजे खांदा मिळेल, सुतार मिळेल, बाभळीचं एखादं लाकूड मिळेल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात कुणीतरी घोंगडं वर करून पाहिलं आणि तिथंच लोटांगण घातलं. त्याच्यामागे दुसऱ्यानं, मग साऱ्या गावानं.

"देवी थांबली! तिला हितंच ऱ्हायचंय!"

"आवं, कणा मोडलाय," तुळाजी म्हणाला. "लाकूड किडकं हुतं. देवीचा काय संबंध?"

"कना मोडला कुनी?" गावच्या गुरवानं शांतपणे विचारलं.

तुळाजीनं हात जोडले, पाया पडला, आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही. भक्त हवे तेवढे मिळाले, सुतार काही मिळेना. सुतार होता, पण देवीच्या मनाविरुद्ध तासायचा वाकस उचलायला तो तयार नव्हता. वाळलेलं लाकूड द्या म्हटलं तर सगळे एकासुरात म्हणाले, गावात लाकूड नाही. आणि वर पाहुणचार असा, की सकाळ-संध्याकाळ त्याला आग्रह करकरून जेवू घालत होते, बैलांना हिरवा चारा टाकत होते. पोटभर वाढणाऱ्यांशी भांडायचं तरी कसं? तुळाजी पुरणपोळी गिळायचा आणि आतल्या आत धुमसायचा.

शेवटी त्यानं स्वतःच रानातली बाभूळ तोडली. ओल्या लाकडाचा कणा टिकत नाही हे गाडीवानाला कुणी सांगायला नको, पण दुसरा इलाज नव्हता. कसाबसा तासून त्यानं तो बसवला, बैल जुंपले. गाडी जेमतेम दहा-वीस हात पुढं गेली आणि कणा पुन्हा मोडला. गावात आनंदीआनंद झाला. आता तर संशयच उरला नाही! मोडलेल्या कण्याला त्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून चौथऱ्याचे दगड घडवायला घेतले.

तुळाजी रोज ते दगड एकावर एक चढताना पाहत होता. घरी बायको वाटेकडे डोळे लावून बसली असेल, सगुणा काही विचारत नसेल पण तिला सगळं कळत असेल, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. एका सकाळी देवळासाठी खांब आले. वर्षानुवर्षं वाळवलेली, दणकट, नामी बाभूळ! इतके दिवस जे लाकूड गावात नव्हतं, ते चौघांच्या खांद्यावरून वाजतगाजत आलं.

आता मात्र त्याचा तोल गेला. माणसांना बोलून उपयोग नव्हता, म्हणून तो गाडीवर चढला आणि थेट देवीवरच ओरडला, "ऱ्हायचंय तुला? ऱ्हा! खुशाल ऱ्हा! हितं पोळ्या हैत, खांब हैत, समदं हाय! पर माज्या सगुणीला काय सांगू त्ये तूच सांग. देवी वाटंत रमली, आता तू जलमभर बापाच्या घरी बस, आसं सांगू?" एवढं बोलून तो घोंगड्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. देवीला असं कुणी बोलताना सातमुळीनं कधी ऐकलं नव्हतं. वाजंत्री थांबली.

गर्दीत गुरवाची म्हातारी आई ठकूबाई ओटीचं ताट घेऊन उभी होती. "सगुना कोन रं?" तिनं विचारलं. तुळाजीनं सांगितलं. मांडवाची शपथ सांगितली, तृतीयेचं सांगितलं. विचित्र गोष्ट अशी, की एवढ्या दिवसांत देवीपुढं गर्दी करणाऱ्यांपैकी कुणीच त्याला हे विचारलं नव्हतं.

म्हातारी लेकाकडे वळली. "बाळा, तुजी भन सासरी निगाली आन वाटंत गाडी मोडली, तर त्या गावानं तिला नांदाया ठिवून घ्यावी का?"

गुरवानं मान खाली घातली.

"ही बी घरला निगालीया. तितं पोरी हिच्यासाटी खोळंबल्यात. आपुन ओटी भरायची आन वाटंला लावायची. गाडी मोडली म्हून लेक आपली हुती व्हय?"

"पर कना कशाचा करायचा?" सुतारानं हळूच विचारलं. ठकूबाईनं नुसती खांबाकडे मान केली.

त्या खांबातून सुतारानं दिवस मावळायच्या आत कणा काढला. सगळ्या गावानं खांदा लावून गाडी उचलली. बायांनी देवीची ओटी भरली आणि भरताना पुष्कळजणी रडल्या, कारण आता रिकामा राहणारा तो चौथरा त्यांच्याच नवऱ्यांनी बांधलेला होता. तुळाजीनं आभार वगैरे मानले नाहीत. त्याचा राग निवला नव्हता. त्यानं बैलांना हाक दिली आणि मागं वळूनही पाहिलं नाही.

कौठखेडात देवी बसली, तृतीयेला सगुणाच्या डोक्यावर अक्षता पडल्या. पुढच्या वर्षी तुळाजी लेक-जावयाला घेऊन पुन्हा खिंडीत आला, असं सांगतात. गाडीत नीट वाळवलेल्या बाभळीचा नवाकोरा कणा होता. तो त्यानं चौथऱ्यावर ठेवला. गुरव म्हणाला, देवीच्या जागेवर लाकूड? तुळाजी म्हणाला, "फुडच्या गाडीवानाला तुमच्या फुडं रडाया लागू नये म्हून ठिवलाय." कुणाला राग आला नाही. ठकूबाईनं सगुणाची ओटी भरली. त्यानंतर त्या चौथऱ्यावर देव बसवायचा विषय गावात कुणी काढला नाही.

आजही खिंडीत गाडी बंद पडली, तर चौथऱ्यावरचं हवं ते उचलायचं. पुन्हा कधी या वाटेनं आलात तर काही ठेवायचं. राखण कुणी करत नाही. नाव, गाव, जात कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की घरी कोण आहे. गाडी चालू झाली की गावातली एखादी बाई येते आणि बॉनेटवर खण आणि मूठभर तांदूळ ठेवते. परमुलखातल्या ड्रायव्हरला काही उमजत नाही. तो खाली उतरतो, हात जोडतो, तुमचं नाव तरी सांगा म्हणतो. बाई पदरानं घाम पुसते आणि पुढचा रस्ता दाखवते.

"निगा आता," ती म्हणते. "वाट बगत असत्याल."