गळका नळ आणि बेडकी

माणसांनी विद्यापीठं बांधली आणि बेडकांनी त्यांतली डबकी वाटून घेतली, त्या काळची गोष्ट.

वसतिगृहामागच्या गळक्या नळाखाली एक बेडकी राहायची. तिथल्या डबक्यात तिची शेपटीवाली पिल्लं वळवळत होती. एके सकाळी पाणी वाचवायला निघालेले विद्यार्थी आले. यामिनी नावाच्या मुलीनं पाना फिरवला आणि नळाची गळती थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारपर्यंत डबकं भाकरीएवढं उरलं. बेडकीचा जीव कासावीस झाला. ती उड्या मारत यामिनीकडे गेली.

"पोरी, नळ दुरुस्त केलास ते चांगलंच. पण माझी पिल्लं त्याच पाण्यावर होती."

यामिनी ओशाळली. "मावशी, नळ आता पुन्हा गळू द्यायची नाही मी."

"तसं म्हणतच नाही मी. त्यांना पाय फुटेपर्यंत सांभाळ."

यामिनीनं पिल्लं घमेल्यात हलवली. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी ती रोज त्यात ओतू लागली. यथावकाश पाय फुटले, आणि पिल्लं आईला न विचारताच बागेत पसार झाली.

विद्यार्थी पुढच्या नळाकडे निघाले, तेव्हा बेडकी टुणटुण उड्या मारत सगळ्यांच्या पुढे गेली.

"थांब," ती यामिनीला म्हणाली, "खाली कोण राहतंय ते आधी बघून येते."