सतरंजीवरची परीक्षा

शरयू दातारांच्या घरी तीन मुलं, दोन मांजरं आणि एक झुपकेदार केसांचा कुत्रा. केसांमुळे धाकटीला सारखी धाप लागायची, म्हणून त्या व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेल्या.

दुकानाचे मालक ऐटीत म्हणाले, "ताई, निवड जाणकारांवर सोडा. हे सर्वांत महागडं न्या!" त्यांनी त्याच्या नळीने लोखंडी गोळा उचलून दाखवला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

शरयूताईंनी पिशवीतून कुत्र्याची सतरंजी काढून पसरली. "आता हिच्यावर चालवा."

यंत्र खूप गरजलं, पण केस सतरंजीला चिकटूनच राहिले. शेजारच्या, फिरत्या ब्रशच्या साध्या यंत्राने मात्र ती लख्ख केली.

मालक चिडले. "पण ताकद ह्याचीच जास्त!"

"असेल ना," शरयूताई म्हणाल्या. "आमच्या कुत्र्याचे सध्या केसच गळतात. लोखंडी गोळे गळायला लागले, की हेच नेईन!"