चाळीस जोडी पाय

बर्फाच्या खिंडीखालच्या छावणीत एकदा एक तरुण अधिकारी आपले चाळीस जवान घेऊन हिमयुद्ध शिकायला आला. जवान सपाट मुलखातले होते. बर्फ त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. शिकवणारे उस्ताद वृद्ध होते. दोरावरून चढणे, बर्फावरून घसरत जाणे अधिकारी लवकर शिकला. एकच गोष्ट त्याला खटकत असे. रोज संध्याकाळी उस्ताद त्याला गुडघ्यांवर बसवत आणि प्रत्येक जवानाचे उघडे पाय हातात घेऊन पाहायला लावत. कोणाचा मोजा ओला आहे, कोणाची बोटे पांढरी पडली आहेत, हे त्याने स्वतः तपासायचे.

जवानांना हसू येई. त्यांतला एक थट्टेखोर म्हणाला, "सासऱ्यानं लग्नात एकदाच पाय धुतले, साहेब. तुम्ही तर रोज धरता!"

अधिकारी वैतागला. "उस्ताद, हे काम हवालदारही करील. मी लढाई शिकायला आलोय."

वृद्ध म्हणाले, "मीही असाच बोलत असे. एका हिवाळ्यात राजधानीतून विचारणा आली, तुकडी सज्ज आहे का? मी शेकोटीपाशी बसून 'सज्ज' असे लिहून दिले. बूट फाटले आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. त्या मोहिमेत शत्रू दिसलाही नाही. बर्फ उकरून माणसे बाहेर काढली, तेव्हा त्यांचे पाय मी पहिल्यांदा पाहिले."

 अधिकारी पुढच्या जवानासमोर गुडघ्यांवर बसला.

पौषात तशीच विचारणा आली. जवानांचे बूट फाटले होते, नवे अजून पोहोचले नव्हते. अधिकाऱ्याने लिहिले, 'सज्ज नाही.'

आठवड्यात त्याला हटवून छावणीतच ठेवले आणि त्याच्या जागी दुसरा अधिकारी आला. त्याने पाय पाहिले नाहीत. सुवाच्य अक्षरात 'सज्ज' लिहिले. मोहिमेवर निघताना थट्टेखोर जवान पहिल्या अधिकाऱ्याला ओरडून म्हणाला, "येतो साहेब, पाय जपून ठेवतो!"

सोळा जण परतले. खिंडीखाली बँड वाजत होता, हार तयार होते. त्या गर्दीत उस्ताद आणि पहिला अधिकारी, दोघेच बर्फात गुडघे टेकून परतलेल्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होते.

थट्टेखोर जवानाने पाय पुढे केला. खाली पाहायचा त्याला धीर होत नव्हता.

"साहेब," त्याने हळूच विचारले, "धरलाय का तुम्ही?"

अधिकाऱ्याने तो पाय केव्हाचा दोन्ही हातांत घट्ट धरला होता.