पद्माकरशास्त्रींचा रोजचा प्रश्न

"गुरुजी, कुठं चुकलं का?"

पद्माकरशास्त्री रोज सकाळी पाठ म्हणून झाला की हे विचारायचे. अंगावर स्वच्छ धोतर, चेहरा परीक्षा देऊन आलेल्या मुलासारखा. मागं त्यांची बायको, सुलभावहिनी, मान खाली घालून उभी.

"छान झालं, पद्माकरा," धुंडिराजगुरुजी म्हणायचे.

"मग उद्यापासून मुलांना शिकवायला बसू?"

"उद्या बघू..."

शास्त्रीबुवा खूश होऊन घरी जायचे. मध्ये रात्र गेली की सगळं पुसलेलं. सकाळी पुन्हा तोच पाठ आणि तोच प्रश्न.

गोदाकाठच्या आमच्या पाठशाळेत हे दिवाळीपासून चाललं होतं. त्याआधी शास्त्रीबुवांच्या डोक्यातली गाठ काढली होती. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. माणूस चालतो, बोलतो, जेवतो, घरच्यांना ओळखतो, आणखी काय पाहिजे? नवं काही डोक्यात टिकायचं नाही, आणि एखादं काम करताना आपण कुठवर आलो याचं भान राहायचं नाही, एवढं त्यांनी जाता जाता वहिनींना सांगितलं. जाता जाता! अहो, ज्याचा सगळा जन्म पाठांतरात गेला, त्याच्या बायकोला हे जाता जाता सांगायचं?

शास्त्रीबुवांइतका पक्का पाठ आमच्याकडे कुणाचाच नव्हता. वेदात काही ठिकाणी सारखेच शब्द पुन्हा येतात. तिथं भान सुटलं की म्हणणारा पुढं जायच्याऐवजी मागच्याच वाटेला लागतो. मुलं तिथं हमखास गडबडायची, आणि शास्त्रीबुवांचा हात खाडकन जमिनीवर पडायचा. तोंडानं ते काही बोलत नसत. तो आवाजच पुरायचा.

आता ते स्वतः त्या जागी यायचे आणि मागं फिरायचे. पुन्हा यायचे, पुन्हा फिरायचे, घाण्याला जुंपल्यासारखे. त्यांना ते कळतही नसे. मग गुरुजी हळूच शेवटचा शांतिपाठ सुरू करायचे, शास्त्रीबुवा त्यात आवाज मिसळायचे, आणि तेवढ्यावर भागायचं.

हेरंबला हे बघवेना. हेरंब शास्त्रीबुवांच्याच हाताखाली तयार झालेला, आणि आता त्यांच्या जागी मुलांना तोच शिकवत होता. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. एका दुपारी तो गुरुजींसमोर येऊन उभाच राहिला. एका स्वरासाठी तुम्ही आम्हाला जेवणावरून उठवलंत, म्हणाला, आणि इथं रोज चुकलेल्या पाठाला छान म्हणता. मुलं तोंडावर उपरणं धरून हसतात, ते वेगळंच.

"तुम्ही त्यांना फसवताय, गुरुजी."

गुरुजी जानव्यासाठी सूत काढत होते. टकळी फिरतच राहिली.

"मग काय करू?"

"खरं सांगा."

"त्याच्या लक्षात राहील?"

"एवढी मोठी गोष्ट... ती कोण विसरेल?"

गुरुजींनी टकळी खाली ठेवली.

"उद्या तूच सांग," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हेरंब शास्त्रीबुवांच्या समोर बसला. पाठ रंगात आला होता. ती जागा आली, शास्त्रीबुवा मागं फिरले, आणि हेरंबचा हात खाडकन जमिनीवर पडला.

शास्त्रीबुवा थांबले. त्या आवाजाची ओळख गेली नव्हती. त्यांनी वळून मुलांकडे डोळे वटारले.

"कोण चुकलं?"

"तुम्ही," हेरंब म्हणाला.

शास्त्रीबुवा हसले. पुन्हा सुरुवात केली. हात पडला. पुन्हा केली, पुन्हा पडला. मग मात्र त्यांनी मुलांकडे पाहिलं नाही. त्यांचा हात कानामागच्या व्रणाकडे गेला.

हेरंबनं सगळं सांगितलं. पाठ गेला आहे, तो आता परत यायचा नाही, मुलांना शिकवायला तुम्हाला बसता येणार नाही. उद्धटपणे नाही सांगितलं, अगदी पायावर डोकं ठेवून सांगितलं.

पन्नाशी उलटलेला तो माणूस ओक्साबोक्शी रडला.

"मग मी कोण रे?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी वहिनींनी त्यांना हाताला धरून घरी नेलं. दिवसभर शास्त्रीबुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते, पाण्याचा थेंब घेतला नाही, असं कळलं.

संध्याकाळी हेरंबचेही डोळे सुजलेले होते. मान मात्र ताठ होती.

"वाईट झालं, गुरुजी," तो म्हणाला. "पण झालं एकदाचं."

गुरुजींनी पुन्हा टकळी हातात घेतली.

सकाळी दारात शास्त्रीबुवा. स्वच्छ धोतर, चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलासारखा. कालचं त्यांच्यापाशी काही म्हणजे काही उरलं नव्हतं. वहिनींपाशी सगळं होतं. एका रात्रीत ती बाई म्हातारी दिसायला लागली होती.

पाठ सुरू झाला. ती जागा आली. ते मागं फिरले. हेरंबचा हात उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला...

गुरुजींनी शांतिपाठ धरला. शास्त्रीबुवांनी त्यात आवाज मिसळला. मग हात जोडले.

"गुरुजी, कुठं चुकलं का?"

आज गुरुजींनी उत्तर दिलं नाही. ते उठले, हेरंबला हाताला धरून आणलं आणि आपल्या आसनावर बसवलं, शास्त्रीबुवांच्या अगदी समोर.

हेरंबनं वहिनींकडे पाहिलं. वहिनी तोंडाला पदर लावून त्याच्याकडे बघत होत्या. शास्त्रीबुवा हात जोडून वाट पाहत होते...

"सांग, हेरंबा," गुरुजी म्हणाले. "तो पहिल्यांदाच विचारतोय."