सात पदरांतली पोथी

ही गोष्ट फार पूर्वीची, आणि म्हटलं तर आजचीसुद्धा. आपल्या उजव्या बरगड्यांखाली एक गाव आहे, त्याचं नाव यकृत. तिथं भिंतीला भिंत लावून अब्जावधी पेशी राहतात. त्यातल्या एका घरात एक भित्री पेशी राहत होती. भित्री म्हणजे किती? चूल जरा फुरफुरली तरी हिला धडकी भरायची!

घाबरण्यासारखं होतंही म्हणा. प्रत्येक घरात चरबीच्या घागरी भरलेल्या आणि शेजारीच चूल अखंड पेटलेली. ठिणगी घागरीत उडाली की चरबी नासायची आणि तिच्यातून विषाचा चिकट थेंब बाहेर पडायचा. तो ज्याला चिकटेल ते कायमचं निकामी. झाडूला चिकटला, की गेला झाडू.

गावाची रीत साधी होती. थेंब दिसला रे दिसला, की पिवळ्या धाग्याची पट्टी घ्यायची, थेंब तिच्यात घट्ट बांधायचा आणि पुरचुंडी मागच्या पित्ताच्या पाटात सोडून द्यायची. थेंबाबरोबर पट्टीही जायची, ती काही परत यायची नाही. म्हणून घरोघरी माग होता आणि रोज नव्या पट्ट्या विणाव्या लागत.

भित्र्या पेशीला मात्र आतल्या खोलीतल्या पोथीची काळजी लागून राहिली होती. घर कसं चालवायचं, काय मोडलं तर कसं उभारायचं, सगळं त्या पोथीत लिहिलेलं. तिला थेंब लागला तर? अक्षरं पुसली गेली तर? या विचाराने तिला घास गोड लागेना. शेवटी विणलेली प्रत्येक पट्टी ती पोथीभोवती गुंडाळू लागली. बघता बघता सात पदर झाले. पोथी उघडणंही बंद झालं. आणि थेंब दिसला, की बाई त्याच्यावर मडकं पालथं घालून मोकळी!

शेजारी एक म्हातारी पेशी राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. तिने भिंतीवरून डोकावून पाहिलं.

"काय गं, मडक्याखाली काय झाकलंयस?"

"थेंब आहे, आक्का. एवढासाच आहे."

"मग बांध की! पट्ट्या कुठायत तुझ्या?"

"पोथीला गुंडाळल्यात. उद्या काही बाका प्रसंग आला तर?"

"अगं, बाका प्रसंग तो मडक्याखाली बसलाय! आत्ताच बांध, नाहीतर घरभर हिंडेल."

"बघते," ती म्हणाली. बघितलं मात्र काहीच नाही.

आणि लग्नसराई आली. ज्याच्या पोटातलं हे गाव, त्या माणसाने चार दिवस पुऱ्या, भजी, जिलब्या, काही म्हणून सोडलं नाही. घरात घागरींवर घागरी येऊन पडल्या. चूल भडकली, ठिणग्या उडाल्या आणि थेंबच थेंब पडू लागले. मडकंही फुटलं. त्याखालचा जुना थेंब सुटला तो थेट मागाला जाऊन चिकटला. खटखट करणारा माग जागच्या जागी बंद पडला.

आता नवी पट्टी व्हायची नव्हती, आणि थेंब एकामागून एक आतल्या खोलीकडे सरपटत निघाले होते.

"आक्का, पट्टी द्या हो एखादी!"

"माझ्याच थेंबांना पुरेनात गं! तुझ्याकडे सात पदर आहेत, ते सोड."

"पोथी उघडी पडेल ना!"

"पडू दे! थेंब पोचला तर पदर असून काय करशील?"

पेशीने एक पदर उलगडला, थेंब बांधला, पाटात सोडला. मग दुसरा, तिसरा. सातवा पदर सोडताना तिला रडूच फुटलं. पोथी उघडी पडली, पट्टी एकही उरली नाही आणि एक थेंब अजून येतच होता.

तिने घाईघाईने पोथी उचलली. किती दिवसांनी ती पोथीचं पान बघत होती! पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'थेंब वाढले की हे पान उघडावे. माग बिघडला असल्यास नवा असा उभारावा.'

अरे देवा! हेच पान तिने सात पदरांत बांधून ठेवलं होतं.

तिने पान पाहून नवा माग जोडला आणि धाग्यावर धागा चढवला. पहिली पट्टी हातात येते न येते, तोवर थेंब पोथीच्या कोपऱ्याला लागला. तिने तो झडप घालून बांधला. घर वाचलं. पण कोपऱ्यावरची दोन अक्षरं गेली ती गेलीच.

पुढे आक्काने एकदा विचारलं, "अजून भीती वाटते का गं?"

"वाटते की," पेशी म्हणाली, "पण आता थेंब दिसला की हातात पट्टी असते." आणि बोलता बोलता तिने एक पुरचुंडी पाटात सोडली.

तात्पर्य: संकट लहान असतानाच त्याच्यावर आपल्याजवळचं खर्च करावं. भीतीपोटी राखून ठेवलेलं वेळेला पुरत तर नाहीच, उलट ज्याला जपायचं त्याचीच वाट अडवून बसतं.